‘हिंगे दिसले की फवारा’ याच्या पुढचे काही सांगा : कीड-सल्ला लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील कृषी विद्यापीठांतील कीटकशास्त्रज्ञ, विस्तार कार्यकर्ते आणि शेतकऱ्यांसाठी कीड-सल्ला लिहिणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी पोळ्याच्या आगेमागे आमच्या शिवारात हिंगे उतरतात. मूग शेंगेवर आलेला असतो, बाजरी निसवून फुलोऱ्यात असते, हळव्या तुरीला पहिली पिवळी फुले दिसू लागलेली असतात आणि एखाद्या सकाळी ऊन चढता चढता काळ्या पंखांवर नारिंगी आडवे पट्टे असलेले, बोटाच्या पेराएवढे भुंगेरे घूं घूं करत येऊन थेट फुलांवर बसतात. बाजरीवर त्यांच्याच कुळातले हिरव्या-निळ्या चकाकीचे सडपातळ भाऊबंदही येतात. गावागणिक नावे बदलतात. आम्ही या सगळ्यांना हिंगे म्हणतो आणि आपल्या पत्रकांत बहुधा ‘ब्लिस्टर बीटल’ असे छापलेले असते. त्या नावापुढे फवारायच्या औषधाची एक ओळ असते. त्या एका ओळीबद्दल मला हे पत्र लिहायचे आहे.

मी बीड जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी आहे. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि वडिलांच्या वेळेपासूनची जमीन आता पूर्णवेळ कसतो. हिंग्यांकडे मी आधी शेतकरी म्हणून रागाने पाहिले, नंतर शिक्षक म्हणून जरा निरखून पाहिले, आणि दुसऱ्या पाहण्यातून जे कळले ते पहिल्या वेळी कोणी सांगितले असते तर माझे पैसे आणि माझ्या बांधावरच्या मधमाश्या दोन्ही वाचल्या असत्या.

झाले ते असे. तीन वर्षांपूर्वी दीड एकर तुरीत हिंग्यांची अशी गर्दी झाली की एकेका झाडावर पाच-सहा दिसत होते. फुले अर्धवट कुरतडलेली, कळ्या पोकळ, काही शेंड्यांवर नुसते देठ. मी घाबरलो आणि तालुक्याच्या गावी जाऊन एका दुकानातून औषध आणले. दुकानदाराने पिकाची अवस्था विचारली नाही; दोन कीटकनाशके आणि एक टॉनिक एकत्र करून फवारा, असे सांगितले. मी सकाळी नऊच्या सुमारास, फुले उमललेली असताना, पाठीवरच्या पंपाने फवारणी केली. दुपारपर्यंत खाली हिंगे पडलेले दिसले तेव्हा समाधान वाटले. संध्याकाळी त्यांच्याच शेजारी मधमाश्या पडलेल्या दिसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तुरीवर हिंगे पुन्हा होते, जवळजवळ तेवढेच. बांधावरच्या दोडक्याच्या वेलाला मात्र पुढचे काही दिवस फळ धरले नाही. फुले यायची आणि गळायची, कारण नरफुलावरचा पराग मादीफुलावर नेणारे कोणी उरले नव्हते.

हिंगे पुन्हा का आले, याचे उत्तर मला दुकानात मिळाले नसते आणि पत्रकातल्या ओळीतही मिळाले नसते. ते माझ्या तुरीत जन्मलेच नव्हते. ते गायरानातून, पडीकातून, बांधाच्या गवतातून उडत आले होते, जमिनीतून निघण्याचा त्यांचा हंगाम काही आठवडे चालतो आणि ते चांगले उडणारे आहेत. आज माझ्या शेतातले मेले तरी उद्याचे अजून बाहेर यायचे असतात. माझ्या दीड एकरावर कितीही औषध ओतले तरी गायरानावर मी फवारणार नव्हतो, आणि फवारूही नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी हिंगे मरतात हे खरे आहे. पण हाच गट फुलोऱ्यात वारंवार वापरला की मधमाश्या आणि मित्रकीटक मरतात, पांढरी माशी आणि कोळी उसळतात, आणि ज्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी ही औषधे राखून ठेवायची तिची प्रतिकारशक्ती वाढते. १९८७ मध्ये आंध्रच्या कपाशीवर ही अळी याच गटाला दाद देईनाशी झाल्याचा अनुभव आपल्यापैकी जाणत्यांना मी सांगायला नको.

दुसरी अडचण अशी की तुरीसाठी आपण आम्हाला वर्षानुवर्षे जी एकात्मिक कीड व्यवस्थापनाची साधने शिकवली, ती सारी शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या मापाने बेतलेली आहेत. पक्षिथांबे उभारा, म्हणजे पक्षी अळ्या वेचतील. पण हिंग्याच्या अंगातले विष आणि ते विष जाहीर करणारे भडक पट्टे यांमुळे बहुतेक पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. कामगंध सापळे लावा. पण त्यातला गंध त्या अळीच्या पतंगाच्या मादीचा असतो, हिंग्याला त्याचे काही नाही. एचएएनपीव्ही हा विषाणू त्या अळीपुरताच आहे. प्रकाश सापळ्याचा उपयोग रात्री उडणाऱ्यांसाठी आणि हिंगा तर ऊन पडल्यावर जागा होतो. परिणामी मनापासून एकात्मिक पद्धतीने शेती करणारा माणूसही हिंगे दिसले की हात टेकतो आणि पंप उचलतो, कारण त्याच्या हातातल्या एकाही साधनाला हा किडा जुमानत नाही. आमच्या भावकीतल्या एका तरुणाने हिंग्यांसाठी म्हणून एकरी कामगंध सापळ्यांची संख्या दुप्पट केली होती. त्याच्या कष्टाची मला कीव नाही, वाईट वाटते. त्याला कोणी नीट सांगितलेलेच नव्हते.

आता हिंग्याच्या जन्मकथेकडे येतो, कारण माझ्या मते सल्ल्याची खरी किल्ली तिथे आहे आणि ती पत्रकात कधीच येत नाही. मादी मातीत थोडा खड्डा करून अंड्यांचा पुंजका घालते. त्यातून जी पहिली अळी निघते ती लांब पायांची, चपळ, भटकी असते; पायाच्या टोकाला तीन नख्यांसारखा आकार असल्यामुळे शास्त्रात तिला ट्रायंग्युलिन म्हणतात. ही अळी ना पान खाते ना मूळ. ती जमिनीतल्या भेगांतून हिंडत नाकतोड्यांच्या अंड्यांचे कोश शोधते. नाकतोडे बांधाच्या, गायरानाच्या घट्ट मातीत फेसाळ कोशात अंडी घालतात. असा एखादा कोश सापडला की ही भटकी आत शिरते, कात टाकते आणि तिचे रूप पार पालटते. आता ती आखूड पायांची, जाड, पांढुरकी, बसल्या जागी अंडी खाणारी अळी होते. कोश संपवून ती मातीत अधिक खोल जाते, कडक कवचात स्वतःला मिटून घेते, आणि त्या अवस्थेत हिवाळा आणि उन्हाळा काढते. पावसाने माती भिजल्यावर पुढचे बदल होतात, कोष होतो, आणि श्रावण-भाद्रपदात पट्टेरी भुंगेरा वर येतो. एकाच किड्याच्या अळीपणात इतकी वेगवेगळी रूपे क्वचित दिसतात. विज्ञानात याला अतिरूपांतरण म्हणतात. हिंग्यांच्या कुळात जगभर २,५०० हून अधिक जाती आहेत, त्यातल्या काहींच्या अळ्या जमिनीत घर करणाऱ्या एकट्या मधमाश्यांच्या घरट्यांवर जगतात. पण आपल्या पट्टेरी हिंग्याचा गट नाकतोड्यांच्या अंड्यांवर पोसला जाणारा आहे.

याचा अर्थ शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचा तर हिंगा लहानपणी आमचा राखणदार असतो आणि मोठेपणी आमचा चोर. ज्या वर्षी नाकतोडे फार होतात, त्याच्या पुढच्या वर्षी हिंगे वाढलेले दिसावेत, असे हे गणित आहे. २०२० च्या मे महिन्यात वाळवंटी टोळांचे थवे अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांपर्यंत आले तेव्हा टोळाच्या अंड्यांवर कोण जगते याची चर्चा व्हायला हवी होती, असे मला तेव्हाही वाटले होते. तो टोळ आणि आमच्या बांधावरचा नाकतोडा वेगळे, हे मला ठाऊक आहे. परंतु जमिनीत अंडी घालणाऱ्या या सगळ्या घराण्याला जमिनीतच शत्रू आहेत, आणि त्यांतला एक आपण दरवर्षी फवारून मारतो, एवढे तरी शेतकऱ्याला माहीत असायला हवे. माहीत असूनही त्याने फवारायचे ठरवले तर तो त्याचा निर्णय. पण तो निर्णय तरी असेल.

म्हणजे हिंग्याला हात लावू नका, असे माझे म्हणणे नाही. नुकसान खरे आहे. प्रश्न एवढाच आहे की ते कोणत्या पिकात, कोणत्या वेळी, किती झाले की खर्च करण्याजोगे ठरते. तूर हे मुळात बहुवर्षायू स्वभावाचे झाड आहे. ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त फुले काढते आणि किडा नसतानाही दहातली आठ-नऊ फुले आपण होऊन गाळते. पहिल्या बहराची काही फुले हिंग्यांनी खाल्ली आणि जमिनीत ओल असली तर तूर पुन्हा फुलते. म्हणून फुलांखालचा सडा पाहून झालेले नुकसान आणि खळ्यावर मोजलेले नुकसान यांत अंतर असते. मुगाचे तसे नाही. साठ-सत्तर दिवसांचे पीक. त्याची फुले दोन आठवडे खाल्ली गेली तर भरपाई करायला त्याच्याकडे दिवसच उरत नाहीत. बाजरीचे गणित आणखी वेगळे. तिच्या कणसावर आधी स्त्रीकेसर बाहेर येतात आणि नंतर परागकोश. हिंगे पहिल्या टप्प्यात आले तर दाणाच भरत नाही, दुसऱ्या टप्प्यात आले तर पराग खातात पण तोवर पुष्कळ फळधारणा झालेली असते, आणि दूध भरल्यावर आले तर कोवळे दाणे चघळतात. तिन्ही पिकांना ‘हिंगे दिसताच फवारणी करावी’ हे एकच वाक्य कसे लागू पडेल?

तुरीच्या वाणाचाही यात मोठा भाग आहे. आमच्याकडे पूर्वी १७५-१८० दिवसांचे वाण असत. बीएसएमआर ७३६ अजूनही पुष्कळजण पेरतात. ते उशिरा फुलते, तोवर हिंग्यांचा हंगाम बहुतेक सरलेला असतो, म्हणून माझ्या वडिलांना हिंगे हे बाजरीचे दुखणे वाटायचे, तुरीचे नाही. आता पाऊस लवकर उघडतो, हलक्या जमिनीत लांब मुदतीची तूर टिकत नाही, शिवाय तुरीनंतर जमीन मोकळी हवी असते, म्हणून लोक कमी दिवसांच्या वाणांकडे वळत आहेत. आयसीपीएल ८७ सारखा १२०-१३० दिवसांचा वाण नेमका हिंग्यांच्या भरात फुलतो. हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कमी मुदतीच्या तुरीत हिंगे अधिक त्रास देतात हे पूर्वीच लिहून ठेवले आहे, आणि लहान तुकड्यांत हे नुकसान विशेष जाणवते हेही. कारण आजूबाजूला दुसरे काही फुललेले नसेल तर सगळ्या शिवारातले हिंगे त्या एका फुललेल्या तुकड्यावर जमतात. वाणाची शिफारस करताना ‘या वाणाचा फुलोरा हिंग्यांच्या हंगामात येतो’ एवढे एक वाक्य जोडले, आणि शक्य तिथे आसपासच्या शेतकऱ्यांनी एकाच मुदतीचा वाण पेरावा असे सुचवले, तर तो भार वाटला जाईल. यासाठी औषधाचा एक थेंब लागत नाही.

आता माणसांविषयी. हिंग्याला डिवचले किंवा दाबले तर तो पायांच्या सांध्यांतून पिवळसर द्रव सोडतो. त्यात कॅन्थरिडिन नावाचे रसायन असते. १८१० मध्ये रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम वेगळे काढले. नर ते तयार करतो, मिलनाच्या वेळी मादीला देतो आणि मादी त्याचाच लेप अंड्यांना देते. कातडीला लागले तर त्या क्षणी फारसे कळत नाही. काही तासांनी जागा लाल होते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याने भरलेला फोड येतो. मूग तोडणाऱ्या, भेंडी खुडणाऱ्या, बाजरीची कणसे मोडणाऱ्या बहुतेक बाया उघड्या हातांनी काम करतात आणि हिंगा मानेवर, पदराखाली, कोपराच्या खोबणीत चिरडला जातो.

आमच्या शेजारच्या घरातल्या एका सूनबाईच्या मानेवर असाच फोडांचा पट्टा उठला. घरच्यांना वाटले नागीण झाली. गेरूचा लेप दिला, कोणाकडून तरी मंत्र घालून घेतला, चार दिवस बाळाला तिच्याजवळ जाऊ दिले नाही. पाचव्या दिवशी ती माझ्या पत्नीला म्हणाली, “काकू, मुगात हिंगा चिरडला होता मानेवर, पण सांगू कोणाला?” तिला कोणी विचारलेच नव्हते. फोड पुढे दहा-बारा दिवसांत वाळले, डागही राहिला नाही, कारण असे फोड बहुधा वरवरचे असतात. परंतु आईपासून तोडलेले तान्हे मूल आणि त्या चार दिवसांची भीती एका छापील वाक्याने टळली असती.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की हिंग्यावरच्या प्रत्येक पत्रकात औषधाच्या ओळीआधी माणसाची ओळ यावी. अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकून किंवा काडीने उडवा; द्रव लागलाच तर साबणाने आणि भरपूर पाण्याने लगेच धुवा; तेल लावू नका, कारण कॅन्थरिडिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही पण तेलात विरघळून पसरू शकते; फोड फोडू नका; डोळ्याला लागले किंवा पोटात गेले तर थेट दवाखाना गाठा. पोटात गेलेले कॅन्थरिडिन मूत्रपिंड आणि मूत्राशयाला गंभीर इजा करते, माणूस दगावूही शकतो, आणि मर्दानगीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या असल्या किड्यांच्या भुकट्यांबद्दलही हीच सूचना स्पष्ट शब्दांत द्यायला हवी. डॉक्टरांच्या हाती, नेमके मोजून, हेच रसायन औषध होते. अमेरिकेत मोलस्कम या त्वचाविकारावर त्याच्या एका औषधाला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मात्र शेतातल्या हिंग्याच्या अंगात किती आहे हे कोणी मोजलेले नसते. जाता जाता आणखी एक : रात्री दिव्याला येणारा, मुंगीसारखा लांबट, लाल-काळा बारीक किडा चिरडल्यावरही कातडी भाजते, त्याचे विष वेगळे, तो किडाही वेगळा, आणि तो भातात इतर किडी खाऊन उपकारच करतो. लोक दोघांची गल्लत करतात. दोन चित्रे शेजारी छापली तर पुरे.

जनावरांच्या बाबतीतही पत्रके गप्प असतात. अमेरिकेत लसूण घासाच्या वाळलेल्या गठ्ठ्यांत चिरडलेले हिंगे राहून घोडे मेल्याची उदाहरणे अनेक आहेत. घोडा या विषाला सर्वांत हळवा असला तरी गाय, शेळी, मेंढी यांनाही ते बाधते, आणि किडा मरून वाळला तरी विष जात नाही. आमच्याकडे लसूण घास आहे, बाजरीचे सरमाड आहे, मुगाचा भुसा आहे, आणि ते सगळे हिंग्यांच्याच दिवसांत कापले आणि मळले जाते. घास फुलावर येण्याआधी कापावा, कापणीआधी त्यात हिंग्यांचे झुंड आहेत का ते पाहावे, झुंड दिसलेला तुकडा जनावरांना घालू नये, एवढी सूचना पशुवैद्यकीय विभागाच्या आणि आपल्या पत्रकांत एकत्र आली तर शेळ्यांवर पोट असलेल्या घरांना तिचा उपयोग होईल.

मी आता काय करतो ते सांगतो. ते शास्त्र म्हणून नाही, तपासून पाहण्याजोगी गोष्ट म्हणून. पहाटेच्या दवात हिंगे सुस्त असतात, उडत नाहीत. जुन्या मच्छरदाणीचे कापड वेताच्या कड्याला शिवून मी झोळी केली आहे. सकाळी सातच्या आत, लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून, फुललेल्या शेंड्याखाली झोळी धरायची, शेंडा हलकेच झटकायचा आणि जमलेले हिंगे धुण्याच्या पावडरच्या पाण्यात टाकायचे. पहिले हिंगे नेहमी शेताच्या कडेला, बांधालगतच्या झाडांवर येतात, म्हणून पहिल्या आठवड्यात कडेच्या चार-पाच ओळी पाहिल्या तरी पुष्कळ काम होते. दीड एकराला दोन माणसांना सकाळचा तास-दीड तास लागतो आणि हे आठ-दहा दिवस करावे लागते. तुरीचे क्षेत्र मोठे असते तर हे जमले नसते हे मी मान्य करतो. वीस एकर तुरीवाल्याला मी झोळी घे म्हणणार नाही. परंतु राज्यातले बहुसंख्य शेतकरी वीस एकरवाले नाहीत, आणि लहान क्षेत्रावर हाताने किंवा जाळीने वेचणे हाच उपाय तज्ज्ञांनीही सांगितलेला असताना तो पत्रकाच्या शेवटी, बारीक अक्षरात का यावा?

ज्यांना फवारणी टाळता येणार नाही, त्यांच्यासाठीही सल्ला पुरेसा नेमका हवा. मधमाश्या कामाला लागायच्या आधी किंवा संध्याकाळी त्या परतल्यावर फवारावे, दोन कीटकनाशके आपल्या मनाने एकत्र करू नयेत, शेजाऱ्याच्या मधपेट्या असतील तर आदल्या दिवशी निरोप द्यावा, हे प्रत्येक वेळी लिहावे लागेल. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे औषधाच्या डब्यावर ते कोणत्या पिकावर आणि कोणत्या किडीसाठी आहे ते छापलेले असते. मी आजवर विकत घेतलेल्या एकाही डब्यावर मला हिंग्याचे नाव वाचायला मिळाले नाही. मग दुकानदार अंदाजाने देतो आणि शेतकरी अंदाजाने फवारतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ती फवारणी कपाशीवरची होती, पण उंच वाढलेल्या पिकात, उन्हात, बिनामास्क, मिश्रण करून फवारण्याची आपली रीत तुरीतही तीच आहे. भाद्रपदात तूर डोक्याएवढी झालेली असते आणि तुषार थेट तोंडावर येतो.

आपल्याकडून मला काय हवे, ते आता थेट मांडतो. तूर, मूग, उडीद आणि बाजरी यांसाठी हिंग्यांची आर्थिक नुकसानीची पातळी वेगवेगळी आणि पिकाच्या अवस्थेप्रमाणे ठरवून द्या. ‘दर मीटर ओळीत इतके, इतके दिवस सलग’ अशी ती असावी, म्हणजे माझ्यासारख्याला मोजता येईल. २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप ही कीड सर्वेक्षणाची व्यवस्था चालते, कीड सर्वेक्षक ठरलेल्या शेतांत जाऊन अळ्या आणि पतंग मोजतात; तुरीच्या त्या तक्त्यात ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून हिंग्यांची नोंद आवर्जून घ्यावी आणि तिच्या शेजारी बांधावरच्या नाकतोड्यांचीही, कारण दोन-तीन वर्षांच्या अशा जोडनोंदींतून पुढच्या वर्षीचा अंदाज बांधता येईल का, हे आपल्यालाच सांगता येईल. निंबोळी अर्काचा हिंग्यावर कितपत परिणाम होतो ते शेतावर मोजून सांगा. आणि एक प्रश्न जुन्या रीतीतून आलेला आहे. आमच्या आईच्या काळी तुरीच्या कडेने अंबाडीची ओळ असे. हिंग्यांना अंबाडी, भेंडी, जास्वंद या कुळातली फुले फार आवडतात, हे मी रोज पाहतो. कडेला लवकर फुलणारी भेंडी किंवा अंबाडी लावली तर हिंगे तिथे थांबतील आणि तिथेच वेचता येतील, की उलट ती फुले त्यांना शिवारात बोलावतील? हे एका शेतकऱ्याच्या एका वर्षाच्या अनुभवावरून ठरत नाही, त्याला आपले प्रयोगक्षेत्र आणि आपली शिस्त लागते.

उन्हाळी नांगरटीबद्दलही थोडे सविस्तर लिहावे. नाकतोड्यांची अंडी उघडी पडावीत म्हणून ती आपण सांगता, आणि ते योग्यच आहे. त्याच नांगरटीत मिटून बसलेल्या हिंग्यांच्या अळ्याही वर येतात. पण दोघांचीही खरी वस्ती न नांगरलेल्या बांधात आणि गायरानात असते, तेव्हा नांगरटीचा हिंग्यांवर किती परिणाम होतो हे मोजल्याशिवाय ते उपायांच्या यादीत घालू नये, असे मला वाटते.

गेली दोन वर्षे मी एका वहीत तारीख, पिकाची अवस्था, सकाळी मोजलेले हिंगे आणि वेचलेले हिंगे लिहून ठेवतो आहे. नोंदी साध्या आहेत, हातच्या आहेत, चुकाही असतील. आपल्यापैकी कोणाला उपयोगी वाटल्या तर वही देईन, आणि माझी तूर व मूग प्रयोगासाठी खुले आहेत. यंदा पोळ्यानंतरच्या आठवड्यात कोणी यायचे ठरवलेत तर मुक्कामाला आदल्या रात्रीच या. झोळी आणि बादली माझ्याकडे आहे, हातमोजे तेवढे जास्तीचे आणा; सकाळी सातच्या आत शेतात असावे लागते, कारण ऊन चढले की ते उडायला लागतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बीड जिल्ह्यातील एक कोरडवाहू शेतकरी